आई-बाबांचा फोन त्यांना एकट्याने वापरता येईल असा कसा लावून द्यायचा

नवा स्मार्टफोन घेऊन दिला की बरेच जण व्हॉट्सअॅप चालू करून देतात आणि झालं म्हणतात, मग बिल आलं की फोन, तिकीट काढायचं की फोन, असं सगळं आपल्यावरच येतं. त्यापेक्षा एका सुट्टीत तासभर बसा, आणि फोन त्यांच्याच हातात राहू द्या, आपण फक्त बोट दाखवायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण स्वतः केलेलंच लक्षात राहतं.

आधी सेटिंग्जमध्ये अक्षरं मोठी करा. भाषा मराठी करायची का ते त्यांना विचारा, काहींना इंग्रजी मेनूचीच सवय असते. पहिल्या स्क्रीनवर रोज लागतात तेवढीच अॅप ठेवा, बाकी सगळी तिथून काढा.

आता खरी कामाची गोष्ट, बोलून टाइप करणं. फोनमध्ये जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये भाषांमध्ये जाऊन मराठी घाला, मग कीबोर्डवरचा माइक दाबायचा आणि बोलायचं. "मावशी, मी शनिवारी दुपारच्या एसटीने येते" असं नेहमीसारखं बोललं तरी बहुतेक बरोबर उमटतं. मध्ये जास्त थांबलं तर माइक बंद होतो, तो परत दाबायचा एवढंच. हे जमलं ना की यूट्यूब, मॅप्स, सगळीकडे शोधता येतं, माझ्या मते इथेच निम्मी भीती जाते.

मग अॅप. प्ले स्टोअरवरूनच घ्या आणि नावाखाली ते कोणी बनवलंय ते वाचायला शिकवा. महावितरणच्या अॅपमध्ये बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक टाकला की बिल दिसतं, भरता पण येतं. मुंबईत लोकलने फिरत असतील तर गाड्यांच्या वेळा बघायला एम-इंडिकेटर टाका. डिजीलॉकर या सरकारी अॅपमध्ये लायसन्स आणि गाडीचं आरसी ठेवा, पण नुसता फोटो काढून अपलोड करू नका, "इश्यूड" मध्ये सरकारी खात्याकडून थेट आलेलं कागदपत्रच ट्रॅफिक पोलिसांना चालतं.

यूपीआय शेवटी शिकवा, घाई नको. तुमच्याच नंबरवर एक रुपया पाठवायला लावा, दुकानाचं नाव मोठ्याने वाचून मगच पिन टाकायची सवय लावा. आणि हे परत परत सांगा की पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, क्यूआर पण स्कॅन करावा लागत नाही, कोणी "रिफंड देतो, पिन टाका" म्हणाला की तो चोरच, फोन ठेवून द्यायचा.

व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून फाइल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके (.apk) असेल तर ती पत्रिका नाही, फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल आहे, तिला हात लावायचा नाही, ओळखीच्या नंबरवरून आली असली तरी. "आज रात्री लाइट कापणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला तर त्या नंबरवर फोन न करता अॅपमध्ये बिल बघायचं.

तरीही पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा आणि बँकेला कळवायचं, जितकं लवकर कळवाल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. हा नंबर त्यांच्या फोनमध्ये "फसवणूक" या नावाने आत्ताच सेव्ह करून ठेवा, आणि असं झालं तर कोणी ओरडणार नाही हेही त्यांना सांगा, कारण ओरडा बसेल या भीतीने माणसं दोन-दोन दिवस गप्प बसतात.