लॉ फर्मने ब्लॉग लिहावा का? ज्युनिअर्ससाठी माझा अनुभव

फर्ममध्ये नवीन लागलं की सिनियर हमखास म्हणतात, आपल्या वेबसाइटसाठी जरा लिहीत जा. मलाही सांगितलं. मी ताजे निकाल घेऊन लिहायला लागलो, सायटेशन (निकालांचे संदर्भ) वगैरे सगळं नीट, आणि वाचलं कोणी, तर दुसऱ्या वकिलांनी. अशील एकही नाही.

मग ऑफिसचा फोन घेणाऱ्या ताईंच्या शेजारी बसून लोक पहिल्यांदा फोन करतात तेव्हा काय विचारतात ते लिहून काढलं. नोटीस आलीय, उत्तर नाही दिलं तर काय होईल, येताना कुठले कागद आणू, असे साधे प्रश्न, पण विचारणारा माणूस घाबरलेला असतो. एका लेखात एकच प्रश्न घेतला. त्यानंतर वाचून येणारे लोक कागद लावूनच यायचे आणि पहिली मीटिंग थेट मुद्द्यावर सुरू व्हायची. म्हणून माझं उत्तर हो, लिहावा.

पण आधी नियम बघा. अमेरिकेत तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या 1977 च्या बेट्स निकालापासून वकिलांना जाहिरात करता येते, फक्त दिशाभूल चालत नाही. भारतात बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचा, नियम 36 जाहिरात करायला आणि काम मागायलाच मनाई करतो, 2008 च्या दुरुस्तीने वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, नोंदणी, शिक्षण, प्रॅक्टिस एरिया एवढं द्यायची मुभा मिळाली. त्यामुळे इथे लेख माहितीचाच हवा, जिंकलेल्या केसेस, 'आजच संपर्क साधा' असलं काही नको.

आणि अशिलाची गोष्ट लिहूच नका. मी एकदा नाव काढून लिहिली होती, पण धंदा आणि वादाचं कारण तसंच राहिलं, ओळखीच्या कोणीही ओळखलं असतं. सिनियरनी वेळेत थांबवलं, नाहीतर विश्वासच गेला असता.

सगळ्यात जास्त वेळ जातो जुने लेख सांभाळण्यात. 1 जुलै 2024 ला भादंवि (भारतीय दंड विधान) जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये, पण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनंच कलम, म्हणजे नुसते आकडे बदलून भागत नाही, प्रत्येक लेख परत वाचावा लागला. तेव्हापासून मी लेखाच्या वरच तारीख टाकतो, आणि जो लेख सुधारायला वेळ नाही तो सरळ काढून टाकतो.