फाइलींच्या नावामागे भलतंच शेपूट आलंय? आधी आयडी बघा

फोटो उघडत नाहीये, डॉट जेपीजीच्या पुढे अजून चार अक्षरं चिकटलीयेत आणि फोल्डरमध्ये रीडमी नावाची टेक्स्ट फाइल येऊन बसलीये, तर हा बहुतेक स्टॉप उर्फ डीजेव्हीयू रॅन्समवेअर आहे, म्हणजे फाइली लॉक करून सोडवायचे पैसे मागणारा प्रोग्रॅम. रीडमी उघडून बघा, ९८० डॉलर मागितलेत आणि ७२ तासांत दिले तर निम्मे म्हणजे ४९० असं लिहिलं असेल तर मग शंकाच नको.

येतो कुठून, तर बहुतेक वेळा क्रॅक नाहीतर कीजेनमधून, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवायच्या चोरट्या टूलमधून. चालू केलं की विंडोज अपडेटची खोटी विंडो येते, आपण म्हणतो चाललंय अपडेट, चालू दे, आणि तेवढ्यात हा मागे फाइली लॉक करत सुटतो, शॅडो कॉपी (विंडोजने ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती) उडवतो, होस्ट्स फाइलमध्ये (साइटचे पत्ते ठरवणारी विंडोजची फाइल) अँटीव्हायरसवाल्यांच्या साइट घालून त्या ब्लॉक करतो.

लगेच नेट बंद करा, पेनड्राइव्ह हार्डडिस्क काढा. फॉरमॅटची घाई नको, पण स्कॅन करून तो आधी घालवा, कारण टास्क शेड्युलरमध्ये (विंडोजचं ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारं टूल) नोंद करून ठेवतो आणि परत परत चालू होतो, नव्या फाइली पण लॉक. सोबत बऱ्याचदा पासवर्ड चोरणारं मालवेअरही येतं, त्यामुळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

आता मुख्य गोष्ट. रीडमीत सगळ्यात खाली पर्सनल आयडी असतो, त्याचा शेवट टी१ ने होत असेल तर ऑफलाइन की, की म्हणजे फाइली लॉक करायची किल्ली. म्हणजे या रॅन्समवेअरला नेटवर स्वतःचा सर्व्हर मिळाला नाही म्हणून त्याने सोबत आणलेली की वापरली, ती त्या व्हेरियंटच्या (त्याच्या त्या प्रकाराच्या) सगळ्यांना सारखीच, त्यामुळे एम्सीसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीच्या फुकट डिक्रिप्टरमध्ये (लॉक सोडवणाऱ्या टूलमध्ये) ती असेल तर फाइली सुटतात. दुसरा शेवट असेल तर की फक्त तुमच्या मशीनची, तिथे फार आशा नाही. सी ड्राइव्हवर सिस्टिमआयडी फोल्डरमध्ये पर्सनलआयडी फाइल असते तीही बघा, दोन आयडी दिसले तर काही फाइली ऑफलाइनने आणि काही ऑनलाइनने लॉक झाल्यात, म्हणजे थोड्या तरी वाचू शकतात.

अजून एक, हा प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा साधारण १५० केबी भाग बिघडवतो. मोठ्या व्हिडिओ किंवा ऑडिओ फाइली त्यामुळे रिपेअर टूलने बऱ्याचदा परत मिळतात, मोठ्या झिपमधल्याही बऱ्याच फाइली निघतात, फक्त हे सगळं कॉपीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका.

आणि डिक्रिप्टर कुठूनही उचलू नका, २०२० मध्ये झोराब नावाचं रॅन्समवेअर डीजेव्हीयूचा डिक्रिप्टर म्हणूनच फिरत होतं, चालवलं की आधीच लॉक झालेल्या फाइली परत एकदा लॉक.