द हिंदूमधलं क्रिप्टिक क्रॉसवर्ड कसं फोडायचं

इंग्रजी फर्डं आहे पण द हिंदू या इंग्रजी पेपरातल्या क्रिप्टिकचा, म्हणजे आडवळणाने विचारलेल्या शब्दकोड्याचा, एक शब्द सुटत नाही असं म्हणणारे बरेच भेटतात. इंग्रजीचा प्रश्नच नसतो हो, क्लू, म्हणजे शब्द ओळखायला दिलेली ओळ, साध्या वाक्यासारखा वाचला की फसलात. वाक्याचा जो सरळ अर्थ लागतो तो सेटरने, म्हणजे कोडं रचणाऱ्याने, मुद्दाम टाकलेला चकवा असतो, आणि मधले स्वल्पविराम तर बिनधास्त सोडून द्या.

क्लूचे दोन तुकडे असतात. एकात उत्तराचा सरळ अर्थ, आणि तो बहुतेक वेळा अगदी सुरुवातीला नाहीतर अगदी शेवटी असतो, दुसऱ्यात अक्षरांची मोडतोड. मराठीतच दाखवतो, क्लू मीच पाडलेत त्यामुळे सांभाळून घ्या.

'खवळलेली मगर भलतीच तापलेली (३)'. कंसातला आकडा अक्षरांचा. 'तापलेली' हा अर्थ, 'खवळलेली' म्हणजे मगर ढवळा अशी खूण, उत्तर गरम. हा अॅनाग्राम, नवीन माणसाने आधी हेच शोधायचे. इंग्रजीत ड्रंक, ब्रोकन, वाइल्ड असं काहीतरी बिघडलेलं दिसलं की शेजारच्या शब्दांची अक्षरं मोजा, आकडा जुळला की लगेच कागदावर गोलात लिहून काढा, एका ओळीत लिहिली तर डोळ्याला जुनाच शब्द दिसत राहतो.

'पासात ऊ शिरली की लोकल बंद पाडतो (३)', पा-ऊ-स. 'थोडं नवीन गरम शहर (३)', यात उत्तर समोरच छापलंय, नवीनचा न आणि गरमचा गर, नगर. 'फुलांचा किंवा मॅचमधली (२)' म्हणजे हार, इथे मोडतोड नाहीच, दोन्ही तुकडे अर्थच.

मग इंग्रजीतल्या ठरलेल्या खोड्या, त्या पाठच करायच्या. फ्लॉवर म्हणजे फूल नाही, जी फ्लो होते ती, म्हणजे नदी. नंबर म्हणजे आकडा नाही, नम (numb) करणारं, म्हणजे बधिर करणारं, मग इथर वगैरे. सेलर, म्हणजे खलाशी, आला की टार किंवा एबी, वर्कर म्हणजे अँट नाहीतर बी, मॉडेल म्हणजे फोर्डच्या मॉडेल टी गाडीमुळे नुसता टी. शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर काहीतरी पांचट कोटी आहे समजा.

एक आडवापासून सुरू करायचा हट्ट नको. आधी सगळे क्लू नजरेखालून घाला, अॅनाग्राम भरा, मिळालेल्या अक्षरांवर उभे शब्द पकडा. अर्थ जुळतो पण मोडतोड कळत नाही असं उत्तर पेन्सिलने हलकं लिहा, ते बऱ्याचदा चुकीचं निघतं. राहिलेल्यांची उत्तरं दुसऱ्या दिवशी येतात तेव्हा नुसती बघू नका, प्रत्येक कसं आलं ते उलट जाऊन शोधा, शिकणं खरं तिथेच होतं. आणि सेटरचं टोपणनाव बघत जा, ग्रिडमन, इनकॉग्निटो वगैरे, प्रत्येकाच्या सवयी ठरलेल्या असतात.

हा एक तुम्ही सोडवा: 'मस्तीला निवारा दिला तर वाड्यातली खोली (४)'.