पोरीला खेळाडूंची गोष्ट सांगायची तर मेडलपासून सुरुवात करू नका

आपल्या घरातल्या पोरीसमोर चांगली खेळाडू बाई आदर्श म्हणून असावी असं सगळ्यांनाच वाटतं, आणि मग आपण काय करतो, तर मेडल दातात धरलेला फोटो दाखवतो आणि म्हणतो बघ, अशी हो. माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला मी तसाच फोटो दाखवला होता, छान आहे म्हणाली आणि गेली खेळायला. नंतर जे जमलं ते सांगते.

आधी माणूस जवळचा निवडा. सेरेना, मेरी कोम मोठ्याच आहेत पण या वयात त्या टीव्हीतल्या वाटतात, आणि कोल्हापुरात आपल्याला लांब जायची गरजच नाही ओ. रायफल शूटर तेजस्विनी सावंत, पिस्तूल शूटर राही सरनोबत, क्रिकेटमध्ये भारताकडून टी-ट्वेंटी खेळलेली अनुजा पाटील, २०२२ ला एव्हरेस्ट चढलेली कस्तुरी सावेकर, सगळ्या इथल्याच पोरी. यातली एकच घ्या आणि महिनाभर तिलाच धरून बसा, एका संध्याकाळी पाच जणी सांगितल्या की एक पण लक्षात राहत नाही.

मग एक कागद घ्या, वर्षं लिहा आणि प्रत्येक वर्षी तिचं वय किती ते पोरीलाच काढायला लावा. आमच्याकडे तेजस्विनी घेतली. जन्म १९८०. २००६ ला मेलबर्नच्या कॉमनवेल्थमध्ये दोन गोल्ड. २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियनशिपला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून रायफल मारायच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७, शूटिंगमध्ये जगज्जेती झालेली पहिली भारतीय बाई. इथं थांबा आणि विचारा, आता ऑलिंपिकला कधी गेली असेल? सगळी पोरं २०१२ म्हणतात. नाही गेली. २०१६ ला पण नाही. गेली ती टोकियोला, २०२१ मध्ये, चाळिशीत, आणि तिथं फायनल पण गाठता आली नाही. भाची म्हणाली, "मग एवढी वर्षं ती काय करत होती?" बास, हाच प्रश्न यायला पाहिजे! सराव करत होती. मधेच २०१८ ला गोल्ड कोस्टच्या कॉमनवेल्थला एक गोल्ड आणि एक सिल्व्हर पण आणलं तिनं. मला विचाराल तर या मधल्या वर्षांतच सगळं आहे, पोरींना पुढं जे लागणार आहे ते तिथं सापडतं, पोडियमवर नाही.

राही निवडलीत तर तिची गोष्ट मात्र कुस्तीच्या कॉमेंट्रीसारखी रंगवून सांगा. शाळेत असताना तेजस्विनीला बघून ती शूटिंगकडे वळली, २०१३ ला चांगवॉनला वर्ल्ड कपचं गोल्ड, पिस्तुलात भारताचं पहिलंच, मग कोपराची दुखापत, २०१६ चं रिओ ऑलिंपिक हुकलं, आणि २०१८ ला जकार्ता एशियन गेम्सच्या फायनलमध्ये थायलंडच्या पोरीबरोबर ३४-३४. बरोबरी सोडवायला जादा गोळ्या, म्हणजे शूट-ऑफ, तो पण ४-४. परत शूट-ऑफ, ३-२, गोल्ड! आमच्या घरात टाळ्या पडल्या, निकाल माहिती असून.

ऐकून झालं की अंगानं करायला लावा. राहीच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात रॅपिडला, म्हणजे झटपट गोळ्या मारायच्या फेरीला, टार्गेट ३ सेकंद दिसतं, तेवढ्यात हात वर आणून एक गोळी, मग ७ सेकंद हात खाली, असं पाच वेळा. घरी पाण्याची बाटली एका हातात द्या, लहान पोरगी असेल तर अर्धा लिटरचीच, आणि तुम्ही मोठ्यानं आकडे मोजा. चौथ्या-पाचव्याला हात थरथरतो. "मावशी, मी दमलो" असं आलं की सांगा, अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या साधारण डबल वजनाचं पिस्तूल धरून राही तासन् तास हेच करते. आणि रंकाळ्यावर फिरायला गेलात की कागदावर एक सेंटीमीटरचा काळा ठिपका काढून कुणालातरी धरायला सांगा आणि साधारण सत्तर पावलं लांब जा, दिसतोय का बघा. तेजस्विनीच्या ५० मीटर रायफलच्या टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ एवढंच असतं.

नंतर मैदानावर न्या, पण मॅचच्या दिवशी नको, साध्या सरावाच्या दिवशी, आधी विचारून. दुधाळीची शूटिंग रेंज असेल, शाहू स्टेडियम असेल, कुठं पण. तिथल्या मोठ्या खेळाडूशी नको, आपल्या पोरीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या पोरीशी गाठ घालून द्या आणि तिला विचारू द्या, किती वाजता उठतेस, हरल्यावर काय करतेस, अभ्यास कधी. पाळीच्या दिवसात सरावाचं काय करता हे पण आई-मावशीनं तिथंच मोकळेपणानं विचारा, कारण बऱ्याच पोरी त्याच वयात खेळ सोडतात आणि घरात कोणी त्याच्यावर बोलत नाही.

एक कधीच करू नका: "राही बघ आणि तू बघ". एवढं एक वाक्य पुरतं, त्या दिवसापासून पोरीला राहीचं नावच नको होतं. आणि तुम्ही निवडलेला खेळच तिनं निवडावा हा हट्ट पण सोडा. आमच्या भाचीनं एवढं सगळं शूटिंगचं ऐकून शेवटी फुटबॉल घेतला, आणि मला मनापासून आनंद झाला. आता रोज सकाळी साडेसहाला जाते. शूज घेताना मात्र पाय वाढतोय म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, आत पाय सरकतो, फोड येतात आणि पहिल्याच आठवड्यात सराव बुडतो.