सर्व्हिसनाऊ सर्चला जोडताना आधी परवानग्या पाहा
सर्व्हिसनाऊ या कंपन्यांच्या अंतर्गत सेवा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधले नॉलेज आर्टिकल (माहितीचे लेख) मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या सर्चमध्ये आणायचे असतील, तर कनेक्टरला, म्हणजे ते लेख सर्चमध्ये आणणाऱ्या जोडणीला, कुणाचंही अ‍ॅडमिन लॉगिन देऊ नका. वेगळं सर्व्हिस अकाउंट काढा आणि फक्त वाचण्याची परवानगी द्या. ती आर्टिकलच्या टेबलापुरती नको; यूझर, ग्रुप, रोल आणि यूझर क्रायटेरियाची (लेख कुणी वाचायचा ते ठरवणाऱ्या नियमांची) टेबलंही त्यात हवीत. नेमकी हीच राहून जातात, मग कुणाला काय दाखवायचं ते कनेक्टरला कळत नाही.

दुसरी गोची ईमेलची. वेगळी जुळणी ठरवली नसेल, तर माणसाची ओळख त्यावरूनच जुळते. सर्व्हिसनाऊच्या यूझर रेकॉर्डमध्ये ईमेल रिकामा असेल किंवा एन्ट्रा आयडी या मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन-ओळख सेवेतल्यापेक्षा वेगळा असेल, तर त्या व्यक्तीला मर्यादित वाचकांचे लेख शोधूनही दिसत नाहीत. कनेक्टरची स्थिती मात्र 'रेडी'च असते. यावर उपाय म्हणून लेख सगळ्यांना दाखवणारा 'एव्हरीवन' हा पर्याय अजिबात निवडू नका. एचआरचे अंतर्गत लेखसुद्धा सगळ्यांपुढे उघडे पडतील. ईमेलच दुरुस्त करा.

कोणते लेख आणायचे ते ठरवणाऱ्या फिल्टरची क्वेरी कनेक्टरमध्ये हाताने टाइप करू नका. सर्व्हिसनाऊच्या यादीत फिल्टर लावा, वरच्या ब्रेडक्रंबवर (लावलेल्या अटी दाखवणाऱ्या ओळीवर) राइट-क्लिक करा, 'कॉपी क्वेरी' घ्या आणि तीच पेस्ट करा.

डिलीट केलेला लेख सर्चमधून इन्क्रिमेंटल क्रॉलने (फक्त नवे बदल वाचणाऱ्या फेरीने) जात नाही, फुल क्रॉलनेच (सगळं पुन्हा वाचणाऱ्या फेरीनेच) जातो.