जुन्या शाळेच्या दगडी भिंतीला लोणा: आम्हाला लागू पडलेला उपाय

गावातल्या जुन्या शाळेचं संग्रहालय करतोय. भिंतींना कमरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणाऱ्या क्षारांची पांढरी पूड, फुगलेला गिलावा, रंगाचे पोपडे. वॉटरप्रूफ रंग आणि पुट्टी पावसाळ्यात गळून पडली. सगळेच वैतागलो होतो.

कारण निघालं पूर्वीच्या दुरुस्तीतलं सिमेंट. दगड-चुन्याच्या भिंतीतली ओल त्यामुळे कोंडते आणि क्षारांसकट वर चढते.

क्रम मोडू नका. आधी बाहेर जोत्यावर चढलेली माती काढून पागोळ्यांचं पाणी चराने लांब न्या. मग ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंतचं सिमेंट छिन्नीने, हलक्या हाताने काढा. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडा. धुतलात तर क्षार विरघळून परत आत शिरतात. आत उरलेले क्षार ओढून घ्यायला कागदाचा लगदा गोड्या पाण्यात भिजवून भिंतीला थापा, पूर्ण वाळला की खरवडून फेका. पांढरं येणं थांबेपर्यंत हेच करत राहा, इथे घाई नको. भिंत उन्हाळाभर उघडी वाळू द्या. त्यानंतर १ भाग भिजवलेला चुना आणि ३ भाग धुतलेली नदीची वाळू यांचा गिलावा, दोन पातळ थर, वर आठवडाभर ओलं गोणपाट. शेवटी चुन्याचीच सफेदी. प्लॅस्टिक रंग अजिबात नको.

जुनी हजेरीपुस्तकं ठेवलेली कपाटं भिंतीपासून वीतभर लांबच ठेवली आहेत.