काटा काढण्याआधी चिमटा स्पिरिटनं निर्जंतुक कसा करावा?

मराठवाड्यात शेतात राबणाऱ्या माणसाच्या पायात येड्या बाभळीचा काटा मोडला नाही, असं वर्ष जात नाही. घरात चिमटा असतो, मेडिकलमधून आणलेली स्पिरिटची बाटलीही असते. पण बोळा टोकावरून एकदा फिरवला की लगेच उकरायला सुरुवात होते. स्पिरिटला काम करायला वेळच मिळत नाही.

आधी बाटलीवरचं लेबल वाचा. ‘आयसोप्रोपिल अल्कोहोल ७०%’ असं लिहिलेलं हवं. ९९ टक्क्यांचं जास्त कडक, म्हणजे जास्त चांगलं, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. जिवाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. अल्कोहोल ते सैल करून आत शिरतं आणि प्रथिनांची घडी मोडतं. लिंबू पिळल्यावर दूध फाटावं तशी ती साकळतात. या कामाला पाणी लागतं. पाण्याशिवाय प्रथिनं तितक्या सहज मोडत नाहीत, शिवाय नुसतं अल्कोहोल फार लवकर उडून जातं. ६० ते ९० टक्के हा चांगला पट्टा. ५० च्या खाली ताकद झपाट्यानं घटते. घरी ९९ टक्क्यांचंच असेल तर ७० मिली घेऊन डिस्टिल्ड वॉटरनं १०० मिलीपर्यंत भरा. बोअरचं क्षारयुक्त पाणी नको. रंगवलेलं, रंगकामाचं किंवा स्टोव्हचं स्पिरिट अजिबात वापरू नका. त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं.

आता चिमटा साबण लावून घासून धुवा. पाण्याची टंचाई असली तरी इथं काटकसर नको. रक्त, माती, शेण यांच्या थराखाली जिवाणू लपून राहतात आणि स्पिरिट त्यांच्यापर्यंत पोचत नाही. हातांचंही तसंच. सॅनिटायझर स्वच्छ दिसणाऱ्या हातांवर काम करतं, शेणामातीनं भरलेल्या हातांवर नाही.

धुतलेला चिमटा पुसून कोरडा करा, नाहीतर उरलेल्या पाण्यानं स्पिरिट पातळ होतं. मग टोकं पूर्ण बुडतील इतकं स्पिरिट छोट्या वाटीत घ्या, चिमटा त्यात पाचेक मिनिटं ठेवा आणि वर ताटली झाका. झाकणं महत्त्वाचं, कारण अल्कोहोल ओलं असेपर्यंतच मारतं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर असतो, पंखा गरगरत असतो; अशा वेळी बोळ्यानं लावलेलं स्पिरिट बघता बघता वाळतं. काट्याभोवतीची शाबूत कातडीही साबणानं धुऊन, कोरडी करून, मग बोळ्यानं पुसा आणि साधारण ३० सेकंद ओली राहील असं बघा. लवकर वाळली तर पुन्हा लावा. मग आपोआप सुकू द्या. फुंकर घालायची नाही, पदरानं किंवा टॉवेलनं पुसायचं नाही. त्यानं नवे जंतू येतात.

चिमटा आधी आचेवर धरायची सवय असेल तर स्पिरिट आणि आच कधीच एकत्र आणू नका. ७० टक्के आयसोप्रोपिलची वाफ साधारण १८ अंशांपुढे ठिणगीनं पेटू शकते. म्हणजे आपल्याकडे थंडीच्या काही रात्री सोडल्या तर वर्षभर. चूल, गॅस, देवघरातला दिवा, बिडी यांपासून लांब बसा.

काटा ज्या तिरकेपणानं शिरला त्याच रेषेत सावकाश बाहेर ओढा. निघाल्यावर जखमेत स्पिरिट ओतू नका. आग तर होतेच, वर उघड्या पेशींनाही इजा होते. वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुणं पुरेसं आहे. काटा खोल असेल, सांध्याजवळ किंवा डोळ्याजवळ असेल, किंवा माणसाला शुगर असेल तर घरी उकरूच नका, डॉक्टरकडे न्या.

आणि एक गोष्ट स्पिरिटच्या हातातली नाही. धनुर्वाताचा जिवाणू मातीत आणि शेणात बीजाणू बनून राहतो. त्या बीजाणूचं कवच इतकं जाड असतं की अल्कोहोल त्याला मारू शकत नाही. शिवाय मातीनं माखलेला काटा हे बीजाणू थेट आत नेऊन ठेवतो, वरून कितीही पुसलं तरी. म्हणून शेवटच्या इंजेक्शनला ५ वर्षं होऊन गेली असतील, किंवा आठवतच नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पूर्वी टीटी देत, आता टीडी देतात. पुढच्या तीनेक आठवड्यांत जबडा आखडला, गिळताना त्रास झाला किंवा मान ताठ झाली, तर वाट न बघता थेट जिल्हा रुग्णालय गाठा.